खोडलेलं गाव

लुमाण्णाचं पत्र चार महिने वाटेत होतं.
खानापूर ठेसनातून थैली आली तेव्हा
मी नंदगडच्या शाळेत मुलांकडून पावकी म्हणून घेत होतो.
पोष्टही माझ्याकडेच; टेबलाचा एक खण शाळेचा,
एक सरकारचा.

तिप्पव्वा उंबऱ्याबाहेर बसली. आत ये म्हटलं, आली नाही.
"वाचा की मास्तर."

अक्षर ओळखीचं. तिसरीपर्यंत माझ्याच हाताखाली होता,
टाक असा दाबायचा
की अनुस्वाराला कागदाचं भोक पडायचं.

तब्येत ठीक. पैसे पोचले का. म्हैस कशी आहे.
माझ्याकडे खेचरं दोन, पाण्याचे डबे आठ,
रात्री वर चढायचं, उजाडायच्या आत खाली.
इथला पाऊस हाडात जातो. चिखल पांढरा.
गाव मोठं देवाचं आहे, तीन धर्मांचं एकच.
तुर्काचं होतं. आम्ही घेतलं.
आता तो परत घ्यायला आला आहे, नाताळापासून तोफा थांबल्या नाहीत.
हा डोंगर थेट

आणि इथं काळी शाई. एका शब्दाएवढी,
कुणा साहेबानं तपासून फासलेली.

सारखा दिसतो. हात आपोआप कपाळाला जातो.

चावडीवर दोन दिवस तेच.
पेन्शनर हवालदार सटुप्पा म्हणाला, बगदाद, मी सांगतो.
कौलाच्या कारखान्याचा मुनशी म्हणाला, मक्का असंल.
पाववाल्या इनासनं छातीवर क्रूस काढला:
"जेरुसालेम. दुसरं कुठलं?"
तिप्पव्वा पाण्याला जाताना थांबली.
"सौंदत्ती," म्हणाली.
"डोंगर हाय, देव हाय, पाणी वर न्यायाचं हाय.
आणि काय पायजे?"
सगळे हसले. मीही.

उत्तर तिनं सांगितलं, मी लिहिलं.
माहेर बैलहोंगलाकडचं, मनातलं बोलायचं तर कन्नडच यायचं:
"हुषारागिरि, एवढंच लिवा."
मी लिहिलं, हुशार राहा.
तिकीट लावलं, थैलीला लाख लावली,
आणि रात्री जेवताना घास हातात राहिला.
ती म्हणाली होती, जिवाला जपा.
मी त्याला शहाणपण शिकवलं होतं.

पुढं दसऱ्यानंतर मानमोडी आली.
शाळा बंद. एका घरातून दोन दोन तिरड्या.
पोष्टाचा खण तेवढा उघडा ठेवायचा हुकूम होता.
पत्र तिनं माझ्याकडंच ठेवलं होतं,
घरात उंदीर फार म्हणून.

लुमाण्णा शिमग्याला परत आला.
छातीवर काही नाही, पिशवीत खेचराचा एक नाल.
"तुमचं पत्र मिळालं, मास्तर. हुशार राहिलो.
गोळी आली की खेचराच्या आड."
मग जरा थांबून, "त्यातलं एक त्यातच गेलं."
मी विचारलं, शहर कसं होतं रे आतून?
"आत कुठं गेलो?
खेचरांना आत सोडत नव्हते."

खणातून पत्र काढून दिलं. त्यानं वाचलं नाही,
नुसतं खिडकीकडं धरलं.
काळ्या डागाच्या मधोमध
उजेड आला, मोहरीएवढा.
अनुस्वार.

इतका वेळ मी त्या डागाखाली
बादशहांची शहरं शोधत होतो,
ज्याच्यासाठी दोन राज्यं रक्त सांडतात असं एखादं नाव.
"सौं," मी म्हणालो. तोंडातून गेलं.
त्यानं मान हलवली. "सौंदत्ती. दुसरं काय लिहू?
पायऱ्या तशाच, वारं तसंच."

"ती हेच म्हणाली होती," मी म्हणालो.

त्यानं पत्र घडीवर घडी घातलं,
नाल पिशवीत टाकला, परत काढला, परत टाकला.
अंगणात पोरं रंगानं भिजून ओरडत होती.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"म्हैस कुणाकडं बांधलीया?"